बाबांच्या तोंडी घातलेलं वाक्य

नवऱ्याला सांगितलं नाही. मुलांना नाही. जिच्यापाशी सासूच्या कुरबुरींपासून पाळीच्या दुखण्यापर्यंत सगळं ओकून टाकलं, त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असालच, तर माझं एक भाषण कधीतरी ऐकलं असेल म्हणून. मला त्या भाषणाबद्दलच बोलायचं आहे.

जरा सांभाळून घ्या. थेट मुद्द्यावर येणं मला जमणार नाही. आयुष्यभर मुलांना 'मुद्द्याचं बोला' म्हणत आले आणि आता माझीच जीभ अडखळते आहे. बाई, एवढं काय केलंस, खून केलास का? — नाही हो. एक वाक्य बोलले. माझं वाक्य, दुसऱ्याच्या तोंडी घालून.

मी शाळामास्तरीण. सत्तरच्या आगेमागे माझी शाळा उत्तनच्या बाजूला होती. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, कुणी बोलावलं की मी भाषणाला जायची. भाईंदरला, पालीला, कधी गणपतीच्या मांडवात, कधी बायकांच्या मंडळात. विषय ठरलेला — लग्नातली उधळपट्टी, बारशाची जेवणावळ, नवसाचे बोकड, आणि मुख्य म्हणजे मेलेल्या माणसाच्या बाराव्याचं गावजेवण. भाषण बरं व्हायचं. पण खरी बरकत होती ती शेवटाला. शेवटी मी जरा थांबायची, चष्मा काढायची — हो, मुद्दाम काढायची — आणि म्हणायची, "माझे वडील मिठागरावर मीठ ओढायचे. सही करता यायची नाही. पण मरताना ते म्हणाले, माझ्यामागं कोणाला जेवू घालू नका, पोरांना शिकवा." मग टाळ्या. बायका पदर डोळ्याला लावायच्या. एकदा एका मंडळाने बाबांच्या नावाने शाल दिली होती. ती मी नेसत्या साड्यांच्या खाली ठेवून दिली आणि कधी अंगावर घेतली नाही. का घेतली नाही, हे कोणी विचारलं नाही ते बरं झालं.

कारण बाबा तसं म्हणाले नव्हते.

झालं, लिहून टाकलं. एवढ्यानेच केवढं हलकं वाटतंय! पण हा अर्धाच भाग आहे, आणि खरं सांगायचं तर सोपा अर्धा.

आता बारावं म्हणजे काय ते सांगते. जुन्या भाईंदरात आमची आगऱ्यांची आळी. उन्हाळाभर मिठागर, पावसाळ्यात भात. घरात माणूस गेला की दहाव्याला खाडीवर पिंड आणि बाराव्याला गाव जेवायला. सगळं गाव हं. गावकीची मोठी माणसं तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुमच्या ओटीवर येऊन बसायची आणि किती पंगती उठवायच्या ते ठरवून जायची. तुमचं रडणं संपलेलं नसायचं आणि इकडे तांदळाचा हिशोब सुरू. आमच्या मागच्या घरात म्हातारी गेली तेव्हा दोन दुभत्या म्हशी गेल्या. आणखी एका घरातली माझ्या वर्गातली मुलगी आजोबांच्या बाराव्यानंतर शाळेत आली नाही. ती मिठाच्या पाट्या वाहायला लागली. आणि गंमत बघा, तेच लोक महिनाभराने दुसऱ्याच्या ओटीवर बसून त्याच्या पंगती ठरवायचे. गावात माणसाची किंमत पंगत कुठवर गेली त्यावर व्हायची. अमक्याची पंगत विहिरीपर्यंत गेली, तमक्याची देवळाला लागली. मेलेला माणूस कसा होता, हे मात्र कोणी बोलायचं नाही.

त्या दिवशी गेलेल्याची बायको कुठे असायची? आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. बायकांची पंगत तशीही शेवटची, आणि विधवेला त्या पंगतीतही जागा नाही. कोणीतरी आठवण झाली तर पत्रावळ आत नेऊन द्यायचं. मी लहानपणापासून हे बघत आले होते, आणि मला त्याचा राग यायचा. राग खरा होता — तो तरी खोटा नव्हता, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन.

बाबा गेले ते पासष्ट सालच्या आसपास, एका उन्हाळ्यात. शिमगा आठवड्यावर आला होता. छातीत कफ धरला, मग ताप चढला, आणि सातव्या दिवशी सगळं आटोपलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. अकरावी पास झालेली आळीतली पहिली मुलगी — याचा बाबांना इतका अभिमान की माझा निकाल त्यांनी मिठागराच्या मुकादमालासुद्धा नेऊन दाखवला होता. ठाण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जूनपासून जायचं ठरलं होतं. त्यासाठीचे पैसे बाबांनीच बाजूला ठेवले होते, ट्रंकेत, आईच्या लग्नातल्या लुगड्याच्या घडीत. हेही आजवर कोणत्या भाषणात आलं नाही. भाषणातले बाबा शेवटच्या दिवशी एकदम शहाणे होतात. खरे बाबा आधीपासूनच माझ्यासाठी पैसे ठेवत होते.

ते गेले तेव्हा घरात मी एकटी. वहिनी बाळंतपणाला माहेरी. आई आणि दादा मिठागरावर — मीठ तयार होऊन पडलेलं, आणि बाबांनीच त्यांना सकाळी हाकललं, इथं बसून काय माझं तोंड बघताय म्हणून. दुपारी तीनच्या सुमाराला बाबांनी मला जवळ बोलावलं. थांबत थांबत, धाप घेत बोलले. पाच-सहा वाक्यं असतील. मग पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तर ते पाणी त्यांच्या ओठातून खाली आलं. म्हणजे त्यांचं शेवटचं बोलणं ऐकलेलं जगात एकच माणूस होतं. मी. कळतंय ना तुम्हाला, किती सोयीचं होतं ते?

काय बोलले, ते सांगेन. थोडं थांबा.

चौथ्या दिवशी गावकीची तीन माणसं आली. त्यात नारायणकाका, बाबांचे चुलत भाऊ, वयाने सगळ्यात मोठे. आई आत भिंतीशी, दादा ओटीच्या कडेला मान खाली घालून. काका म्हणाले, चार पंगती तरी उठल्या पाहिजेत, भाऊ सगळ्यांकडं जेवलाय. दादाने मान डोलावली. आणि मी दाराच्या आत उभी — मला ट्रंक दिसत होती. चार पंगती म्हणजे ती ट्रंक मोकळी. ट्रेनिंग गेलं. आणि बाप नसलेली, एकोणीस वर्षांची, शिकलेली मुलगी घरात किती दिवस ठेवणार? एखाद्या घरात उजवून टाकणार आणि मी त्यांच्या पाट्या वाहणार.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते वाक्य माझ्या तोंडून निसटलं. दुःखात होते, पोर होते, बोलून गेले. खोटं आहे हे. मी ते वाक्य तीन दिवस तयार करत होते. चुलीपुढे बसून, ओठांतल्या ओठांत. बाबा कसं बोलतील, कुठे थांबतील, कोणता शब्द वापरतील. 'शिक्षण' म्हणणार नाहीत, 'शिकवा' म्हणतील. लहानपणी त्यांची नक्कल करून मी त्यांनाच हसवायची; तीच नक्कल आता त्यांच्या मागे वापरली. हे कबूल करताना मात्र अजून कानशिलं तापतात.

मी दारातून ओटीवर आले आणि म्हणाले, बाबा जाताना बोलले — "माजे मागं कोनाला जेवू घालू नका. पोरांना शिकवा."

मेलेल्या माणसाच्या शब्दापुढे गावकी तरी काय बोलणार? मग नारायणकाका एकदम रडायला लागले. मोठा माणूस, ढसाढसा. "मरताना शाना झाला माजा भाव," एवढंच म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या घरात नव्वदीची आई अंथरुणाला खिळलेली होती, हे मला नंतर सुचलं. त्या रडण्यात किती दुःख आणि किती सुटका, ते त्यांचं त्यांना ठाऊक. दादाचा चेहरा तर बघण्यासारखा झाला होता. चार दिवस वाकलेला माणूस सरळ झाला. त्या दिवशी तो पहिल्यांदा पोटभर जेवला, आणि ते बघून मला बरंच वाटलं.

आई आतून बाहेर आली नाही. सगळे गेल्यावर तिने एकच विचारलं, "कवा बोलले?"

मी म्हटलं, दुपारी. ती बरं म्हणाली आणि परत भिंतीकडे वळली.

दहाव्याला खाडीच्या काठी पिंड ठेवला. आता खरी परीक्षा, असं मला वाटलं. माझी तेव्हा कावळ्यावर अगदी पक्की श्रद्धा होती. मेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही — इतरांच्या वेळी तास तास थांबलेली माणसं मी पाहिली होती, काय काय वचनं देत, हात जोडत. मी बायकांच्या मागे उभी. कावळा आता येणारच नाही, सगळे माझ्याकडे बघणार, आणि मला सगळ्यांसमोर सांगावं लागणार. खरं सांगते, मनातून मला तेच हवं होतं. काहीतरी मला पकडू दे.

दादा पिंड ठेवून मागे सरलासुद्धा नव्हता, तर कावळा आला. एक नाही, तीन आले. भांडले त्यावर. मिठागरावरचे कावळे ते, कधीचे उपाशी. पण सगळे म्हणाले, बघा, इच्छा पुरी झाली माणसाची. आईने हात जोडले. आणि माझी कावळ्यावरची श्रद्धा त्या क्षणी उडाली ती कायमची. हसू नका. म्हणजे हसा हवं तर, मलाही आता हसू येतं. पण तेव्हा मी खाडीवरून घरी आले आणि मला समजलं की आता मला कोणीही पकडणार नाही.

जूनमध्ये मी ठाण्याला गेले. वसतिगृह, पुस्तकं, पांढऱ्या साड्या. पैसे ट्रंकेतलेच.

आणि या खोट्याने नुकसान झालं का? सांगते, गावाचं भलंच झालं. पुढच्या साली नारायणकाकांची आई गेली. त्यांनी ओटीवर बसलेल्यांना सांगितलं, माझ्या भावाने दाखवलंय, मी पण तेच करणार. नंतर आणखी एक घर. मग आणखी एक. पाच-सात वर्षांत आमच्या आळीत बारावं घरच्या घरी, आल्यागेल्याला चहा, इतकंच राहिलं. माझ्या वर्गातल्यासारख्या किती मुली शाळेत टिकल्या असतील? मी मोजल्या नाहीत, पण टिकल्या. म्हणून मी भाषणं करायला लागले. खोटं एकदा बोललं की ते तसंच सोडता येत नाही हो, त्याला रोज पाणी घालावं लागतं. आणि मला वाटायचं, एवढं भलं होतंय, तर बाबांनाही आवडलं असतं.

असतं का? हे विचारायची मला तेव्हा हिंमत नव्हती.

ट्रेनिंगच्या पहिल्या सुट्टीत मी घरी आले होते. आळीच्या दुसऱ्या टोकाला कोणाचं तरी बारावं होतं — अजून बरीच घरं घालतच होती. आई पहाटेच तिथे गेली. तांदळाच्या पिठाचे वडे थापायला आईचा हात धरणारं कोणी नव्हतं. ज्याच्या घरी कार्य, तो आधी आईला सांगून जायचा. मी दुपारी गेले. आईने घाणे काढले, पत्रावळी मांडल्या, वाढलं, उष्टी काढली. शेवटची बायकांची पंगत बसली. मी माझ्या शेजारी तिच्यासाठी जागा धरून ठेवली. ती आलीच नाही.

घरी जाऊन बघते तर मागल्या दारी बसून तांदळाची भाकरी आणि सुकट खात होती. हाताला अजून वड्यांच्या तेलाचा वास.

मी विचारलं, अगं, तिथे जेवली का नाहीस? तर आई अगदी साधेपणाने म्हणाली, "आपन घातलं न्हाय ना कोनाला. मग कंच्या तोंडानं जेवू?"

मी म्हटलं, असं कुठे असतं का?

"असतं," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं, नका घालू, न्हाय घातलं. त्यांचा शबूद. पन मग खायचा पन न्हाय."

तक्रार नव्हती हो तिच्या बोलण्यात. तिला हे अगदी सरळ वाटत होतं: जो जेवू घालत नाही त्याने पंगतीला बसू नये. माझ्या एका वाक्यातून तिने स्वतःसाठी हा नियम काढला होता आणि मी वसतिगृहात पुस्तकं वाचत असताना ती तो पाळत होती. पंगत म्हणजे तिच्यासाठी काय होतं, माहीत आहे? सिनेमा नाही, जत्रा नाही, माहेर तुटलेलं. वर्षातून पाच-दहा वेळा बायकांच्या ओळीत बसून, शेजारणीच्या पानातला वडा उचलून, तिला चिडवत, हसत जेवायची. आई हसताना मी तिथेच पाहिलीय. तेवढंच होतं तिला, आणि ते मी बंद केलं.

तेव्हा सांगायला हवं होतं ना? तिथेच, मागल्या दारी, ती आणि मी. दुसरं कोणी नाही. तुम्ही असता तर सांगितलं असतंत का? मी काय केलं सांगू — मी तिच्यावर चिडले. हे सगळे खुळचट समज आहेत म्हणून तिला व्याख्यान दिलं. माझं पहिलं भाषण ते. श्रोता एक, हातात अर्धी भाकरी घेऊन ऐकणारा. माझं संपल्यावर तिने मलाही एक भाकरी वाढली.

पुढे बारा-तेरा वर्षं असंच चाललं. प्रत्येक कार्याला आई वडे थापायची, वाढायची, आणि घरी येऊन जेवायची. बारावं होतं तोवर बारावं, नंतर लग्न असो, हळद असो. लोकांना वाटायचं, नवऱ्याच्या शब्दाला किती जपते बाई. मी भाषणात तेही वापरलं — देवा! — 'माझी आई आजही' म्हणून.

पालीला एकदा भाषण संपल्यावर एक कोळीण जवळ आली. सुकी मासळी विकणारी, म्हातारी, समोर बसून सबंध वेळ माझ्याकडे रोखून बघत होती. टाळ्या वाजवल्या नव्हत्या तिने. म्हणाली, "बाय, बापाचा सांगलंस. पन बायकोला न सांगता पोरीला कसा सांगलान ता?" आणि उत्तराची वाटही न बघता पाटी उचलून गेली. इतक्या वर्षांत एवढा साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता — कोणाला पडला नसेल, असं नाही. आणि आईला तो रोज पडत असणार, हे मला तिथे, पालीच्या त्या गल्लीत उभी असताना पहिल्यांदा कळलं.

त्यानंतरची गोष्ट. सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे, आई गेली त्याच्या आदल्या वर्षीची. मी माहेरी गेले होते. सकाळची वेळ, ओटीवर ऊन आलेलं, आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. आईची नजर कमी झाली होती. ती खडे टाकायची आणि मी तिने टाकलेले तांदूळ परत सुपात घ्यायची. मध्येच, काही कारण नसताना, मान वर न करता ती म्हणाली, "त्या दिशी तू व्हतीस त्यांच्यापाशी. माजं नाव घेतलं का गं त्यांनी?"

आई, एवढी वर्षं तू हे पोटात ठेवलंस?

आणि मी काय म्हणाले? 'घेतलं' म्हणाले असते तर तिने विचारलं असतं, काय म्हणाले. मग सगळंच उलगडलं असतं. माझं वाक्य, गावाने धरलेली चाल, माझी भाषणं, शाल. तेवढं सगळं मी त्या एका क्षणात मनात मांडलं, सुपातला एक खडा काढला आणि म्हटलं, "बोलायची ताकद कुठे होती गं त्यांच्यात."

ती "हां, ते पन हाय," म्हणाली. आम्ही तांदूळ निवडून संपवले.

आई पुढच्या साली गेली. गावकीचं कोणी ओटीवर आलं नाही. तोवर ती पद्धतच राहिली नव्हती. सगळे म्हणाले, नवराबायको एका विचाराचे. मी हात जोडून ऐकलं. त्यानंतर एकाही भाषणात बाबांचं नाव घेतलं नाही. हळूहळू भाषणंच सोडली. लोकांना वाटलं, बाईंचा घसा बसला.

आता ते उरलेलं. बाबा जे खरोखर बोलले. आजवर हे शब्द दुसऱ्या कोणत्याही माणसाच्या कानावर गेलेले नाहीत. तुम्हीच पहिले.

ते म्हणाले, "बारावा मोटा कर. सगल्यांना बोलव, कोनाला ठेवू नको. मी सगल्यांकडं जेवलोय. तुजा टरेनिंग फुडल्या साली बगू, पैशे परत जमतील." मग बराच वेळ धाप घेतली. मला वाटलं, संपलं बोलणं. पण ते डोळे उघडून म्हणाले, "आनि पयल्या पंगतीला तुज्या आयेला बसव. आतमदी नको. भायेर, सगल्यांच्या म्होरं. जलमभर वाढतच आली ती. तिला वाढायला तू उबी ऱ्हा."

विधवेला, बाराव्याच्या दिवशी, पुरुषांच्या पहिल्या पंगतीत. आमच्या गावात हे कोणी तोवर म्हटलं नव्हतं आणि नंतरही म्हटलं नाही. मी भाषणांतून ज्या बाबांना सुधारक करत फिरले, ते माझ्या मदतीशिवायच माझ्याहून पुढे गेलेले होते. आणि ट्रेनिंग? एक वर्ष थांबायचं होतं. पुढच्या साली खरंच जायला मिळालं असतं की नाही, यावर मी खूप विचार केला आहे. मिळालं नसतं, असंही म्हणता येईल. पण ते मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं, आणि मी थांबून बघितलंही नाही.

बाराव्याचं गावजेवण वाईट होतं, असं मी आजही म्हणेन. म्हशी, ट्रंका, शाळेतल्या मुली खाणारी चाल होती ती. मोडली ते उत्तम झालं. पण ते मी माझ्या तोंडाने म्हणायला हवं होतं. ओटीवर उभं राहून, मी, अमक्याची मुलगी, म्हणते की हे करू नका. कदाचित हाकलून दिलं असतं. मला ते नको होतं, म्हणून मी मेलेल्या माणसाला पुढे केलं. आणि निदान ते दुसरं वाक्य, आईचं — ते तरी मला एकटीत तिला देता आलं असतं. बारा-तेरा वर्षांत कधीही. मागल्या दारी देता आलं असतं, तांदूळ निवडताना देता आलं असतं. तिने तर मागितलंच होतं.

मी दिलं नाही. त्यांनी तिचं नाव घेतलं होतं, आणि मी तिला नाही म्हणून सांगितलं.

एवढंच होतं. आज लिहून झालं. बाहेर दुपार आहे, शेजारी कोणाकडे तरी कुकरची शिट्टी होतेय, आणि मला कितीतरी वर्षांनी सपाटून भूक लागली आहे. मोकळं वाटतंय, हे लपवत नाही. आईला मात्र बाबांचं ते दुसरं वाक्य कळलं नाही.